तळहाताएवढं पाणी

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आधी खोली दाखवली नाही, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पुण्याचा. बॅगेतली बाटली काढून दाखवली आणि म्हणालो, "माझं आहे, काकू." मी नळाचं विचारलं, खिडकी कोणत्या बाजूला उघडते ते विचारलं, तरी त्या तांब्या धरून उभ्याच. शेवटी मी तो हातात घेतला आणि खिशातला मीटर काढून त्यात बुडवला. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत मी सल्लागार होतो. पाण्यात क्षार किती विरघळलेत ते सांगणारा तो पेनाएवढा मीटर कंपनीने दिला होता. सल्लागाराच्या हातात काहीतरी दिवा लागणारं असलं की शेतकरी निदान बोलणं संपेपर्यंत थांबतो, असा माझा अनुभव. त्यामुळे मी तो दिसेल तिथे बुडवायचो. हौदात, माठात, लग्नातल्या सरबतातसुद्धा. एकदा नारायणगावच्या टपरीवर चहात बुडवला तेव्हा तो बंद पडला, मग आपसूक चालू झाला. त्यानंतर तो जरा चढाच आकडा दाखवतो की काय अशी मला शंका होती. पण शंका बोलून दाखवली तर सल्लागार कसला?

बाईंनी वाकून आकडा बघितला आणि शांतपणे विचारलं, "ताप हाय का त्येला?"

थोडा आहे, म्हणालो.

"मग बी प्या. आमी तापातच वाढलोय. आनि काकू पुन्यात म्हना, हितं मावशी."

मी प्यालो. मग खोली दाखवण्यात आली.

खोडदला राहायचं कारण गच्चीवरून दिसायचं. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या पांढऱ्या तबकड्या, आकाशाकडे तोंड करून बसलेल्या. पुण्यातल्या मित्रांना मी सांगायचो, मी दुर्बिणींच्या सावलीत राहतो. दिवसभर टोमॅटोच्या वावरात नळ्या उलगडत असतो, हे सांगायचो नाही.

मावशी किडकिडीत, पण मान कमालीची ताठ. बसल्या तरी, चालल्या तरी, डोक्यावर काहीतरी आहे आणि ते सांडता कामा नये अशी. त्याचं कारण पुढे कळलं. घरामागची विहीर त्यांच्या यजमानांनी घरच्या घरी खणली होती. ते खाली पहार चालवायचे आणि मावशी दगडमातीच्या पाट्या डोक्यावरून वर आणायच्या. यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. विहिरीचा विषय निघाला की मावशी म्हणायच्या, "खांदली त्यांनी. पर वर आनली म्या." त्या घरात आल्यागेल्याला त्या विहिरीचं पाणी घेतल्याशिवाय एक शब्द बोलता येत नसे. वीजबिलवाला, टपालवाला, लस द्यायला आलेल्या ताई, सगळे मुकाट्याने तांब्या तोंडाला लावायचे आणि मग कामाचं बोलायचे. मला त्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत 'पावनं' म्हणाल्या. भाडेकरू हा त्यांच्या मते लांबलेला पाहुणाच.

दुसरी गोष्ट म्हणजे मावशी खोटं बोलत नसत. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. मेंढरं मोजताना खोटं बोललं की एक मेंढरू जातंच, असं त्यांनी लेकीला शिकवलं होतं. पण खोटं बोलायचं नाही म्हणजे खरं सांगायचंच, असा अर्थ मावशींनी कधी काढला नाही. एक लांबची नणंद फोनवर तासभर दुखणी सांगायची. तिचा फोन आला की मावशी उठून अंगणात तुळशीपाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि मला खूण करायच्या. मी फोनवर सांगायचो, "मावशी घरात नाहीत." त्या तिथून मान डोलवायच्या. शेजारीण खलबत्ता मागायला येताना दिसली की तो आधी माझ्या खोलीत यायचा. मग "पावन्याला दिलाय" हे अगदी खरं. जन्मात लसणाची पाकळी न ठेचलेला मी, मांडीवर बत्ता घेऊन कंपनीचे फोन घ्यायचो.

तर अशा या घरात पाणी शुद्ध करायचं मशीन आलं. मावशींचा एकुलता एक लेक चाकणला कंपनीत होता. आईला मुतखड्याचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं. लेकाने ठरवलं, भरपूर प्यायचंच आहे तर चांगलं प्यावं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर आरओ बसवून दिलं. मावशींनी एक घोट घेतला. "त्येला चवच न्हाई," त्या मला म्हणाल्या. "तोंडात घेतलं तरी तोंड रिकामंच." लेक चाकणला गेल्यावर त्यांनी मशीनवर विणलेला रुमाल घातला आणि पुन्हा माठातलं, म्हणजे विहिरीचं, पाणी सुरू केलं.

लेक रोज संध्याकाळी फोन करायचा. पहिला प्रश्न, मशीन चालू आहे ना? मावशी फोन घ्यायच्या आधी बटण दाबायच्या, "चालू हाय की" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर बंद करायच्या. कधी त्याचा फोन अवेळी येऊन मशीन बंद सापडलं, तर तबकड्या होत्याच. त्या आकाशातलं फार बारीक ऐकतात, म्हणून आसपास विजेची कुरकुर नको, एवढं गावात सगळ्यांना माहीत. मावशींनी त्यात स्वतःची भर घातली होती. अंगणातून दिसणारी तबकडी आपल्या बाजूला कलली की मशीन बंद, मिक्सर बंद, माझं दाढीचं यंत्रही बंद. "इकडं कान लावलाय त्येनं," त्या म्हणायच्या. ती आपल्याकडे नाही, आकाशाकडे बघते, असं मी समजावलं. "आपन बी आभाळाखालीच हाय की," त्या म्हणाल्या. अर्धी दाढी घेऊन मी मंचरला मीटिंगला गेलेलो आहे.

आता माझे मासे. एकट्या माणसाला संध्याकाळ खायला उठते, म्हणून मी मोबाइलवर काचेच्या पेटीतल्या माशांचे व्हिडिओ बघायला लागलो, आणि दोन आठवड्यांत त्या विषयातला जाणकार झालो. मासा अजून एकही पाळला नव्हता. पुण्याहून निऑन टेट्रा आणले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी चमकती रेघ. एसटीत पिशवी मांडीवर धरून आणले, पेटीत विहिरीचं पाणी भरलं आणि ओतले. थोडं थोडं पाणी मिसळत माशांना हळूहळू सवय लावायची असते, हे सांगणारा व्हिडिओ मी नंतर बघितला. सकाळी सगळे मासे वर तरंगत होते.

मी मीटर बुडवला. आकडा चांगलाच चढला. मी अंगणात येऊन, सल्लागाराच्या आवाजात जाहीर केलं, "या पाण्यात मासा जगणार नाही."

मावशी तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. त्या संध्याकाळी रोजचा तांब्या माझ्या दाराशी आला नाही, आणि मला काही कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, मशीनवरचा रुमाल काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या माशास्नी ह्यातलं चालतंय का बघा."

मला वाटलं, विज्ञानाचा विजय झाला. खरं म्हणजे मावशींचा प्रश्न सुटला होता. आता मशीन दिवसभर चालायचं. त्याच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याने त्या अंगण धुवायच्या, भांडी विसळायच्या, आणि चांगलं पाणी माझ्या बादलीत. लेकाने विचारलं, पाणी वापरतेस ना, की त्या ताठ मानेने सांगायच्या, "आज तर टाकीच रिकामी झाली." एक अक्षर खोटं नाही.

नवे मासे आणले. पेटीत निव्वळ मशीनचं पाणी. मीटरचा आकडा जवळजवळ शून्य, तो मी मावशींना बोलावून दाखवला. मासे मात्र एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले. खाईनात, हलेनात, रेघही फिकी पडली. रुळतायत, असं मी स्वतःला सांगितलं आणि निरगुडसरला एकाच्या वावरातल्या नळ्या का तुंबतात ते सांगायला निघून गेलो.

परत आलो तर पेटीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालेलं. मासे वर येऊन आ वासत होते. मावशी शेजारी स्टुलावर, काळजीने बसलेल्या.

"काय घातलंत?"

"गूळ," त्या म्हणाल्या. "खडाच घातला, मोठा न्हाई. दोन दिस झालं पावनं येऊन, तोंड पाडून बसल्यात. गूळपानी तुमी दिलं नसनार, म्हनून म्या दिलं."

रागवायलाही वेळ नव्हता. पाणी बदलायला हवं होतं आणि मशीन बंद होतं. तबकडी सकाळपासून इकडे कान लावून होती. ते चालू केलं तरी त्याची धार सुतळीएवढी, पेटी भरायला रात्र झाली असती. मी मशीनच्या टाकीत शिल्लक होतं ते सगळं काढलं. ते निम्म्या पेटीलाच पुरलं. तेवढ्यात मावशी मागच्या दाराने डोक्यावर हंडा घेऊन आल्या. विहिरीचं पाणी.

मी म्हणालो, ते नको, त्यात आधीचे मेले.

"ह्यात तर मरत्यातच की," त्या म्हणाल्या आणि उरलेली निम्मी पेटी भरली.

सकाळी मासे पेटीभर फिरत होते. रेघ अशी निळी की मावशींनी दिवा बंद करून पुन्हा लावून बघितला. ती चमक दिव्याची नाही, माशाची आहे याची खात्री करून घेतली. मग मी व्हिडिओ शोधला. मशीनचं पाणी इतकं धुतलेलं असतं की त्यात माशाला लागणारे क्षारही उरत नाहीत. त्यात साधं पाणी मिसळावं लागतं. तो व्हिडिओ बघून झाल्यावर मी मावशींसमोर माझं संशोधन मांडलं. निम्मं मशीनचं, निम्मं विहिरीचं. जणू हा बेत माझा पहिल्यापासून ठरलेला होता. त्यांनी सगळं गांभीर्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि गूळ?"

गूळ नाही, म्हणालो. ते काही त्यांना पटलं नाही.

लेक मात्र त्याच आईचा. मशीन चालतं, पाणी संपतं, तरी आई चवीबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय हे त्याने ओळखलं. एके दिवशी त्याने सरळ विचारलं, तू स्वतः ते पाणी पितेस का? मावशी म्हणाल्या, उद्या सांगते, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. माशांसाठी भरून ठेवलेल्या मगातलं मशीनचं पाणी तळहाताच्या खळग्यात घेतलं, देवळात तीर्थ घेतात तसं प्याल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि तोंड वाकडं केलं. फोन वाजला. "प्याले," त्या म्हणाल्या.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मला त्यात भारी मौज वाटायची. फोनची वेळ झाली की माशांचा मग मीच पुढे करायचो. पुण्याला गेलो की मित्रांना नक्कल करून दाखवायचो, आणि सगळे पोट धरून हसायचे.

मग एका दुपारी त्या मला विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेल्या दिसल्या. एक हात कमरेवर, कपाळावर घाम, आणि ती ताठ मान कठड्यावर कललेली. मी इतका घाबरलो की मोटारसायकलची किल्ली खिशात असून घरभर शोधत होतो. नारायणगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दुखणं जरा उतरलं. मग त्यांनी विचारलं, मावशी, दिवसाला पाणी किती पिता?

मी मनात म्हटलं, आता त्या काहीतरी खुबीने सांगतील. पण तसं काही झालं नाही. "हल्ली लई कमी," त्या म्हणाल्या.

परतताना रस्त्याकडेला सावलीत थांबलो. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. टोपण न उघडताच म्हणाल्या, "विहिरीचं प्यायला गेलं की लेकाचं तोंड दिसतंय. येवढ्या मायेनं मशीन आनलंय त्यानं. आनि मशीनचं घेतलं की मालक दिसत्यात, खाली विहिरीत उभं, पाटी भरून देताना. मंग कुनाचंच जात न्हाई घशाखाली."

मला फार वाईट वाटलं. वाईट तर वाटलंच, पण स्वतःचं हसूही आलं, रडण्याच्या जवळचं. तालुक्यातलं सगळं पाणी मी मोजलं होतं. माझ्या माशांना दर दिवसाला किती लागतं ते तोंडपाठ होतं. त्याच घरात, मला माशांचा मग भरून देणारी बाई दोन पाण्यांच्या मधे तहानलेली होती. ते ना मीटरला कळलं ना मला.

रविवारी लेक आला. चांगला दांडगा गडी, पण आवाज मऊ. तांब्या पुढे आला, तो प्याला. कुठलं पाणी ते त्याने विचारलं नाही. माझ्या खोलीत येऊन मासे बघितले, माझी बादली बघितली, मग मशीनपाशी जाऊन उभा राहिला. आईला समोर बसवून म्हणाला, "फोनवर नको, आता सांग. मशीनचं पाणी पितेस?"

"पिते."

"किती?"

मावशींनी उजवा हात पुढे केला आणि तळहाताचा खळगा करून दाखवला.

तो खाली बसला. त्या हाताकडे बघतच त्याने विचारलं, "मी हे कुनासाठी आनलं, आई?"

"माझ्यासाठी. म्हनून तर रोज चालू ठेवलं."

"आन्नांची विहीर बुजव म्हनलो व्हतो का मी?"

"न्हाई रं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा ऐकला. "पर तुझं पानी प्यायला लागले, तर ती उगंच वर आनली म्हनायची का?"

अशा वेळी गप्प बसणं मला सोसत नाही, माझ्यातला सल्लागार जागा होतो. मी माशांबद्दल बोलायला लागलो. निव्वळ मशीनच्या पाण्यात ते कसे मलूल झाले होते, निव्वळ विहिरीच्या पाण्यात कसे मेले, क्षार म्हणजे काय, हे सगळं मी हातवारे करून सांगत होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की समोर एक आई आणि तिचा लेक रडायच्या बेतात आहेत आणि मी त्यांना मत्स्यपालन शिकवतोय. मी थांबलो.

"मंग त्यांना देता काय?" लेकाने विचारलं.

"निम्मं निम्मं," मी पुटपुटलो. "त्या मगाने."

तो उठला. माझ्या खोलीतून मग आणला, खळखळून धुतला. निम्मा मशीनखाली भरला, निम्मा माठातल्या पाण्याने भरला. आधी स्वतः घोटभर घेतला आणि मग आईपुढे धरला.

"माशाच्या मगात?" मावशी म्हणाल्या.

"तुझ्या पावन्यांच्याच की."

त्यांनी मग घेतला, मान वर केली आणि ओठ न लावता, वरून धार धरून, एका दमात सगळा रिकामा केला. पदराने तोंड पुसलं. चव कशी लागली ते सांगितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पावनं, डब्यातला गूळ द्या जरा."

मी मुकाट्याने खडा आणून दिला. तो खाऊन त्यांनी रिकामा मग पुन्हा लेकापुढे धरला. "आनि दे."

तो मग मला परत मिळाला नाही. दोनेक दिवसांनी मागितला तर म्हणाल्या, तुमच्या माशास्नी दुसरा आना, ह्यो घरचा झाला. पुढे माझी बदली झाली तेव्हा मासे मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. मीटर आता पुण्यात टेबलाच्या खणात पडून आहे. त्याच्यावरचा माझा विश्वास उडाला, की माझ्यावरचा, हे काही मी तपासून बघितलेलं नाही. मासे कसे आहेत म्हणून फोन केला की मावशी सांगतात, ब्येस हायेत. त्यांना गूळ देता का, हे मी विचारत नाही. विचारलं तर त्या खरं सांगतील.

पण लेक चाकणला परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं मला नीट आठवतं. संध्याकाळी फोनची वेळ झाली. सवयीने मी दुसऱ्या एका भांड्यात पाणी काढून वाट बघत बसलो. मावशी आल्या नाहीत. फोन वाजला तसा मी भांडं घेऊन धावतच अंगणात गेलो. त्या पायरीवर बसल्या होत्या, शेजारी तो मग पालथा घातलेला, काठाखालची पायरी ओली. फोन कानाला लावून त्या म्हणाल्या, "प्याले."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. तळहात कोरडा होता.